शाळेचे छप्पर: अनामत सोडण्याआधी एक पावसाळा पाहा

प्रश्न असा आहे. राजापूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, समुद्र दोन-अडीच किलोमीटरवर. एक खोली जुनी कौलारू, दुसरी स्लॅबची. चार वर्षांपूर्वी दोन्ही छपरांची दुरुस्ती झाली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात वर्गात पुन्हा बादल्या ठेवाव्या लागल्या. आता नव्याने निधी मिळण्याच्या बेतात आहे. या वेळीही पैसे पाण्यात जाऊ नयेत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने काय तपासायचे आणि जाब कोणाला विचारायचा?

समितीने तीन वेळा छपराखाली हजर राहायचे. काम झाकले जाण्याआधी, पहिल्या जोरदार पावसात आणि ठेकेदाराची अनामत सुटण्याआधी. बहुतेक ठिकाणी समितीला बोलावतात ते काम संपल्यावर, रंगाचा वास येत असताना, सहीपुरते. तेव्हा पाहण्यासारखे काही उरलेले नसते.

सुरुवात पावसातच करा, मे महिन्यात नाही. गळती जुलैमध्ये दिसते, अंदाजपत्रक मात्र कोरड्या खोलीत बसून तयार होते. मग त्यात 'कौले बदलणे, इतके चौरस मीटर' अशी ढोबळ बाब येते आणि पाणी जिथून येत होते ती पन्हळ तशीच राहते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वहीच्या पानावर खोलीचा नकाशा काढा, प्रत्येक गळतीला क्रमांक द्या आणि पुढे तीन गोष्टी लिहा. पाणी झडीच्या पावसातच येते की सरळ पावसातही? पाऊस थांबल्यावर लगेच बंद होते की तासन्‌तास ठिबकत राहते? छतात ते नेमके कुठून सुटते? कौलारू छपरात पाणी वाशावरून घरंगळत चार-पाच फूट खाली येऊन मग टपकते, त्यामुळे जमिनीवरचा ओला डाग फसवतो. उघडीप मिळाली की भर दुपारी दारे-खिडक्या लावून आतून वर पाहा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे रिपेवर, म्हणजे कौले टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर, खडूने खूण करा. झडीतच येणारे पाणी बहुधा त्रिकोणी भिंतीच्या कडेचे किंवा वळचणीचे असते. पाऊस थांबल्यावर अर्धा दिवस ठिबकणारे पाणी स्लॅबवरच्या कोब्यात, म्हणजे गळती रोखायला घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरात, साठलेले असते. उपाय दोन्हींना वेगळे लागतात, आणि अंदाजपत्रकात बाबीही वेगळ्या यायला हव्यात.

हा नकाशा ठरावासोबत पंचायत समितीच्या बांधकाम उपअभियंत्याला द्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडून पोच घ्या. ऑगस्टमध्ये कागद गेला तर दिवाळीच्या सुमारास मोजमाप व अंदाजपत्रक होऊ शकते आणि काम एप्रिल-मेच्या सुट्टीत सुरुवातीलाच हाती येते. कागद मार्चमध्ये गेला तर ३१ मार्चच्या धावपळीत मंजुरी मिळते, कौले मेच्या शेवटच्या आठवड्यात उतरतात आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आलेली असते. गवंड्याला दोष द्यायला सोपे जाते, पण घाईत बसवलेल्या छपराचे कारण बऱ्याचदा या तारखांमध्ये सापडते.

आता कौलारू खोली. कोकणात हेच छप्पर दुरुस्तीला सर्वांत सोपे आहे आणि नीट शाकारले तर स्लॅबपेक्षा जास्त टिकते, हे माझे ठाम मत आहे. जुन्या शाळांवर शिक्के असलेली मंगलोरी कौले अजून ठणठणीत आहेत. ती सरसकट काढून नवी घालण्याची बाब अंदाजपत्रकात दिसली तर कारण विचारा. बहुतेक वेळा कुजते ते लाकूड, कौल नाही.

हिशेब एकदा स्वतः करून ठेवा. खोली ७.५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, उतार ३० अंश, दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर वळचण आणि टोकांना ३० सेंटिमीटर पुढे आलेले छप्पर धरले तर दोन्ही पाख्यांचे, म्हणजे उतरत्या बाजूंचे, मिळून क्षेत्र साधारण ६७ चौरस मीटर होते. चौरस मीटरला पंधरा कौले धरा, म्हणजे हजाराच्या आसपास कौले आणि आढ्यावर पंचवीसेक कोने, म्हणजे आढे झाकणारी कौले. तुटफुटीला पाच टक्के जास्त. अंदाजपत्रकात याच खोलीला ९० चौरस मीटर दाखवले असतील तर चूक कुठे आहे ते विचारायला अभियंत्याचीच गरज नाही.

खरी मेख रिपांच्या अंतरात असते. नेहमीच्या ४१ सेंटिमीटर लांबीच्या कौलाला रिपा साधारण ३२ सेंटिमीटरवर लागतात. वरच्या हिशेबात एका पाख्याची तिरपी लांबी ४.१५ मीटर येते, म्हणजे कौलांच्या तेरा ओळी. एक ओळ वाचवून बारा बसवल्या की रिपांचे अंतर साडेचौतीस सेंटिमीटरच्या वर जाते. दोन्ही पाख्यांवर मिळून पंचाहत्तर-ऐंशी कौले वाचतात, पण वरच्या कौलाची खाच खालच्या कौलात बसत नाही आणि झडीचे पाणी वाऱ्याने उलटे वर चढून आत येते. जमिनीवरून काही कळत नाही, छप्पर सरळ रेषेत छान दिसते. आत उभे राहून ओळी मोजल्या तर मात्र लगेच कळते. कौलाच्या कारखान्यानुसार अंतर थोडे बदलते, म्हणून आलेल्या मालातली चार कौले जमिनीवर दोन रिपांवर जुळवून अंतर ठरवा आणि तेवढ्या मापाची एक काठी कापून सुताराच्या हातात द्या.

रीप ५० बाय २५ मिलिमीटरची, सागाची किंवा ऐनाची, गाठ नसलेली. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण त्याला पोखरकिडा लवकर लागतो. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. साधा खिळा खाऱ्या हवेत गंजून त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडते आणि रीप सैल होते. वाशाची भिंतीवर टेकलेली टोके सुरीने टोचून पाहा. चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि ती ओल वाशाच्या टोकात उतरते. सुरी सहज आत गेली तर तो वासा बदलायचा, रंग देऊन झाकायचा नाही. वाळवीसाठी काजूच्या टरफलाचे तेल हा इथला जुना उपाय चांगलाच आहे, मात्र ते कातडी भाजते, त्यामुळे सुट्टी लागल्या लागल्या लावून टाका म्हणजे मुले येईपर्यंत वाळते.

नवीन कौलांची परीक्षा शाळेच्या अंगणातच होते. दोन कौले एकमेकांवर हलके वाजवा. खणखणीत आवाज हवा, भदभद वाजले तर भाजणी कच्ची. मग पाच-सहा कौले किराणा दुकानाच्या काट्यावर कोरडी तोला, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. अडीच किलोच्या कौलात अर्ध्या किलोहून जास्त पाणी शिरत असेल तर तो माल परत पाठवा. असे कौल पहिल्या वर्षी गळत नाही. त्यावर शेवाळ धरते, वजनाने वासे वाकतात आणि तिसऱ्या वर्षी त्याचे पापुद्रे सुटू लागतात.

आढ्यावर कोने बसवताना गवंडी पोकळीत घमेलेभर सिमेंटचा माल कोंबतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो तडकतो आणि त्याच तड्यातून पाणी थेट आढ्याच्या लाकडावर येते. माल फक्त कोन्याच्या दोन्ही कडांखाली हवा आणि कोना दोन्ही बाजूंच्या कौलांवर किमान ७५ मिलिमीटर आलेला हवा. बसवल्यावर आठवडाभर त्यावर ओले गोणपाट ठेवायचे. हे कोणी करत नाही, म्हणून समितीने करून घ्यायचे.

वानरांचा विषय हसण्यावारी नेऊ नका. फणस-आंब्याच्या फांद्या छपरावर आल्या असतील तर कितीही चांगली कौले घाला, फुटणारच. फांद्या भिंतीपासून तीन मीटर तरी मागे छाटा. फुटलेले एक कौल त्याच आठवड्यात बदलले तर विषय संपतो, राहिले तर खालची रीप, मग वासा. त्यासाठी त्याच मापाची पन्नास कौले आणि पाच कोने शाळेत शिल्लक ठेवण्याची बाब अंदाजपत्रकातच घालून घ्या. दुसऱ्या कारखान्याचे कौल खाचेत बसत नाही.

स्लॅबच्या खोलीत मात्र सावधपणे बोलायला हवे, कारण तिथे प्रश्न बादल्यांचा नसून मुलांच्या डोक्याचा आहे. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. आपल्या किनाऱ्यावर स्लॅब खराब होण्याची रीत ठरलेली आहे. पाणी आणि खारी हवा सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचे काँक्रीट फुगवून ढकलून देतो. आधी सळईच्या रेषेत तपकिरी डाग, मग बारीक तडा, मग पोपडा. अशा छताला खालून प्लास्टर मारून पांढरा रंग देणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत. त्याने फक्त धोक्याची खूण पुसली जाते. छताला काठीने किंवा लहान हातोडीने ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने गोल करा. गोल मोठे असतील, सळई उघडी पडली असेल किंवा छत खाली झुकलेले दिसत असेल तर वर्ग त्याच दिवशी रिकामा करा आणि संरचना तपासणीची लेखी मागणी करा.

दुरुस्ती खरी असेल तर सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडले जाते, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत केली जाते, झिजलेली असेल तर शेजारी नवी जोडली जाते, गंजरोधक लेप लागतो आणि मग पॉलिमरचा माल भरला जातो. यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीखाली गडप होते. म्हणून प्रत्येक पायरीचा फोटो हवा, आणि फोटोत खोलीचा क्रमांक लिहिलेली पाटी.

वरून गळती थांबवण्यासाठी आधीच्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याची सवय फार वाईट. विटांच्या तुकड्यांचा १०० मिलिमीटर कोबा चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरतो. ४५ चौरस मीटरच्या खोलीवर हे नऊ टन झाले, तेही गंजलेल्या सळईवर. जुना कोबा काढून, खालचा स्लॅब दुरुस्त करूनच नवा घालायचा. उतार १०० ला १, म्हणजे सहा मीटरला सहा सेंटिमीटर. पाणी जायच्या वाटा मोजा. ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण चाळीस चौरस मीटर छताचे पाणी नेतो, ७५ चा पाइप त्याच्या निम्मेच. पंचेचाळीस चौरस मीटरच्या गच्चीला पाऊणशेचा एकच पाइप आणि त्यात आंब्याचे एक पान अडकले, की गच्चीचे तळे झालेच. कोबा झाल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर बोटभर पाणी दोन दिवस उभे ठेवा आणि खालून पाहा. ही चाचणी अंतिम देयकाआधी व्हायला हवी.

नवा स्लॅब पडणार असेल तर अंदाजपत्रकातले आच्छादन पाहा, म्हणजे सळईखालच्या काँक्रीटची जाडी. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे २० मिलिमीटर हे सौम्य हवामानासाठीचे आहे. मुसळधार पावसात आलटून-पालटून भिजणाऱ्या, सुकणाऱ्या बांधकामाला तेच मानक ४५ मिलिमीटर आच्छादन, एम-३० दर्जाचे काँक्रीट, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट आणि ०.४५ पाणी-सिमेंट प्रमाण सांगते. म्हणजे पन्नास किलोच्या गोणीला वाळूतल्या ओलीसकट साडेबावीस लिटर पाणी, पंधरा लिटरच्या बादलीने दीड बादली. मजूर दोन-अडीच ओततात, कारण पातळ माल पसरायला सोपा. बादल्या मोजायला त्या दिवशी समितीतले कोणीतरी मिक्सरपाशी उभे राहा. खाडीची वाळू नको, धुतलेली आहे असे कितीही सांगितले तरी. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. सळईच्या काँक्रीटला पाण्यातले क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत लागते. सळईखाली खडीचे तुकडे नव्हे, मापाचे कव्हर ब्लॉक हवेत. वर्गखोलीच्या स्लॅबला साधारण सहा घनमीटर काँक्रीट लागते. तेवढ्याची ताकद तपासायला दोन नमुने, प्रत्येकी तीन ठोकळे. ठोकळा ओला असतानाच त्यावर खिळ्याने तारीख कोरा. गाळा, म्हणजे आधारांमधले अंतर, साडेचार मीटरपेक्षा मोठा असेल तर टेकू चौदा दिवस काढायचे नाहीत, आणि पीपीसी (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस पाणी उभे ठेवायचे. शाळेची टाकी मेमध्ये कोरडी असते. या पाण्याची सोय कोण करणार ते कामाआधीच लिहून घ्या.

पत्र्यांबद्दल थोडेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरे उडाली. पत्र्याला वारा आधी वळचणीच्या आणि आढ्याच्या कडेला धरतो. तिथे स्क्रू मधल्या भागाच्या दुप्पट घाला, रबरी वॉशरसह. पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने मोजा. ०.५० मिलिमीटर लिहून ०.३५ चा पत्रा टाकणे ही चोरी हाताला कळत नाही.

आता जबाबदारीचा भाग. कामाची मोजमापे शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत लिहितो आणि देयक त्यावरच निघते. समितीला पुस्तिकेत लिहिण्याचा अधिकार नाही, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवण्याचे काम दिले आहे. ते असे वापरा. कार्यारंभ आदेश निघताच अंदाजपत्रकाची प्रत मागा आणि ठरावाने तीन थांबे कळवा: रिपा ठोकून झाल्यावर कौल चढण्याआधी, सळई बांधून झाल्यावर काँक्रीट पडण्याआधी, जुना कोबा निघाल्यावर नवा घालण्याआधी. एका शाखा अभियंत्याकडे अनेक गावांची कामे असतात, रोज येणे त्याला जमत नाही. तीन ठरलेल्या तारखांना येणे जमते, आणि प्रामाणिक अभियंत्याला या तारखा हव्याच असतात.

प्रत देत नसतील तर माहिती अधिकार कायदा, २००५. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. फार कमी लोक वापरतात ती सोय म्हणजे कलम २ (ञ): त्याखाली कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात.

मुख्याध्यापकांची सही हा सगळ्यात निसरडा टप्पा. काम पूर्ण झाल्याचा किंवा ताबा मिळाल्याचा कागद मेच्या कडक उन्हात पुढे येतो. सही नाकारून भांडण करण्यापेक्षा सहीच्या वर दोन ओळी लिहा: 'छपराची पावसातील चाचणी झालेली नाही. गळती आढळल्यास दोषदायित्व कालावधीत कळवले जाईल.' हा कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदाराने ते दुरुस्त करून द्यायची मुदत, किती, तो कोणत्या तारखेला संपतो आणि अनामत किती आहे, हे करारातून काढून कार्यालयाच्या भिंतीवर लावा. अनामत याच काळासाठी अडवलेली असते. गळतीचे लेखी पत्र गेले नाही तर ती मुदत संपताच नियमाप्रमाणे सुटते, त्यात कोणाची लबाडी असावी लागत नाही. तुमच्या चार वर्षांपूर्वीच्या कामाचेही असेच झाले असण्याची शक्यता बरीच आहे. तोंडी तक्रारी झाल्या असतील, पोच घेतलेले पत्र आहे का ते आधी शोधा.

पत्रात 'छप्पर गळते' एवढे लिहू नका. नकाशावरचा क्रमांक, तारीख, फोटो आणि अंदाजपत्रकातली कोणती बाब फसली ते लिहा. ठेकेदाराशी न्यायानेही वागा. वानरांनी फोडलेले कौल किंवा सौर पॅनेल बसवणाऱ्याने स्लॅबला पाडलेली भोके त्याच्या माथी मारता येत नाहीत. म्हणूनच काम संपल्याच्या दिवशीचे फोटो लागतात.

ही सगळी कागदपत्रे एका फाइलमध्ये ठेवा आणि मुख्याध्यापकांच्या बदलीच्या चार्ज यादीत त्या फाइलचा वेगळा क्रमांक घाला, नाहीतर बदलीसोबत करारही हरवतो. दरवर्षीच्या मेमधली शाकारणी, पन्हळी आणि पाइप साफ करणे हा खर्च समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानातून बसतो. तीस पटापर्यंत वर्षाला दहा हजार, शंभरापर्यंत पंचवीस हजार. निदान दहा टक्के स्वच्छतेवर जायचे असतात, उरलेले सगळे खडू-रजिस्टरात संपवू नका.

तपासणीत स्लॅबची खोली दुरुस्तीपलीकडे ठरली तर अभियंत्याचा तसा लेखी दाखला घेऊन निर्लेखनाचा, म्हणजे खोली वापरातून काढून पाडण्याचा, प्रस्ताव करा. खोली पाडेपर्यंत कुलूप लावा आणि मुलांना तिच्या वळचणीलाही बसू देऊ नका. तोवर वर्ग कौलारू खोलीत भरणार, म्हणून आलेल्या निधीत पहिला हात तिच्या रिपांना लागला पाहिजे.